कॅलिपर एक अडकला, घ्यावे लागले दोन : घरी केलेल्या कामाच्या नोंदी

गाडी २०१२ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. कॅलिपर म्हणजे ब्रेक तेलाच्या दाबाने आतला पिस्टन पुढे सरकवून फिरत्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग. गाव चांदूर बाजार तालुक्यात. स्पेअर पार्टसाठी जवळचं ठिकाण परतवाडा, मोठा बाजार अमरावतीला. मी शेतकरी आहे. ट्रॅक्टरची आणि मोटरपंपाची दुरुस्ती हातची आहे, पण कारचा ब्रेक पूर्ण उघडायची ही पहिलीच वेळ. आपल्या भागात कोणाला हे काम घरी करायचं असेल तर पैसे किती लागतात, दिवस किती जातात आणि माणूस कुठे फसतो ते कळावं म्हणून तारखेनिशी लिहिलं आहे. किमती जानेवारी २०२५ मधल्या, मी स्वतः दिलेल्या.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

चिखलदऱ्याहून उतरताना घाटात जळका वास यायला लागला. पुढे मालाने भरलेला ट्रक होता, वाटलं त्याचाच असेल. ट्रक मागे टाकला तरी वास सोबतच. स्टिअरिंगही उजवीकडे ओढत होतं. परतवाड्यात चहाला थांबलो आणि उजव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर तापलेल्या इस्त्रीजवळ नेल्यासारखी धग. बाकीची तीन चाकं कोमट.

इथे पहिली चूक केली. पाण्याची बाटली चाकावर रिकामी केली. छन्न आवाज आला, वाफ निघाली. त्या वेळी बरं वाटलं, पण तापलेल्या डिस्कवर एका बाजूने गार पाणी पडलं की ती वाकू शकते. त्याचा हिशेब पुढे २० आणि २३ जानेवारीच्या नोंदीत आहे. चाक तापलं तर गाडी बाजूला घ्या, हँडब्रेकऐवजी चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा आणि तासभर आपोआप गार होऊ द्या.

घरापर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागे मा (आई) आणि दोन्ही पोरं बसलेली. तो रस्ता लवकर विसरणार नाही.

३० डिसेंबर

रात्रभर गाडी गार झाली. सकाळी जॅक लावला, खाली बाभळीचे दोन जाड ठोकळे टाकले. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावू नका, ते एकदम फुटतात. उजवं चाक दोन्ही हातांनी जोर लावूनही जेमतेम फिरत होतं. डावं फिरत होतं, पण घासल्याचा आवाज येत होता.

आता पार्ट घेण्याआधी करायची तपासणी. अडकलेल्या चाकाच्या कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल थोडं ढिलं करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर तेल आत कोंडलेलं आहे. म्हणजे रबरी होज (तेलाची नळी) आतून फुगलेली असते किंवा दोष मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबलं की तेल ढकलणारा भाग) असतो. कॅलिपर बदलून काही उपयोग नाही. निपल ढिलं करूनही चाक अडकलेलंच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये, पिस्टन किंवा पिन. माझं दोन थेंब तेल आलं, चाक तसंच. म्हणजे कॅलिपर.

अमरावतीच्या एका वर्कशॉपला फोन केला. दोन्ही कॅलिपर, पॅड, दोन्ही डिस्क, तेल आणि मजुरी मिळून १५,२०० रुपये सांगितले. अडकलेल्या ब्रेकने गाडी अमरावतीपर्यंत चालवत नेणं शक्य नव्हतं, उचलून न्यायचे ३,००० वेगळे. घरीच करायचं ठरवलं.

१ जानेवारी २०२५

दोन्ही चाकं उघडली. माझ्या गाडीत कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, पिनांचे बोल्ट १२ नंबरचे. बोल्ट काढले की कॅलिपर ब्रॅकेटवरून निघतो. निघाल्यावर त्याला रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, होज आतून तुटते. मी बाइंडिंग तारेने स्प्रिंगला टांगला.

उजवा : आतलं पॅड २ मिमी उरलेलं, बाहेरचं ५ मिमी. पिस्टनवरचा धुळीचा रबरी बूट एका जागी फाटलेला. फाटक्या जागेतून काळी माती आत गेलेली, वाळून दगड झालेली. सी-क्लॅम्प लावून पिस्टन आत दाबायला गेलो तर क्लॅम्पचा स्क्रू वाकायला लागला, पिस्टन केसभरही हलला नाही.

डावा : पिस्टन क्लॅम्पने सहज आत गेला. पण खालची पिन जागेवरून हलेना. जंग काढायचा स्प्रे मारून अर्धा तास ठेवला, मग पान्याने पिळून ओढली. बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं ग्रीस काकवीसारखं चिकट झालं होतं आणि आतली रबरी बुशी भिजवलेल्या मनुक्यासारखी फुगलेली.

ते ग्रीस मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी पॅड मीच बदलले होते आणि पिनांना ट्रॅक्टरच्या ग्रीस गनमधलं ग्रीस लावलं होतं. साधं चाकाचं ग्रीस पेट्रोलियमचं असतं, त्याने ब्रेकचं रबर फुगतं. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लागतं. तेव्हा १८० रुपयांची ट्यूब वाचवली होती.

म्हणजे दोन चाकांचे दोन वेगळे रोग. उजव्याचा पिस्टन धरलेला, डाव्याची पिन धरलेली. डाव्याला नवा कॅलिपर लागतच नव्हता. पिन साफ केली, रबरं नवी टाकली की काम झालं. हे वाक्य पुढच्या नोंदी वाचताना लक्षात ठेवा.

मातीबद्दल एक. आमच्या पांदण रस्त्याला पावसाळ्यात काळा गारा असतो. तो चाकाच्या आत चिकटतो आणि सुकल्यावर सिमेंटसारखा होतो. गाडी धुताना आपण बाहेरून धुतो, चाकाच्या आतल्या बाजूला पाणी मारतच नाही. बूट फाटला की हीच माती पिस्टनपर्यंत जाते.

३ जानेवारी

परतवाड्याहून सील किट आणलं, २८० रुपये, दोन्ही बाजूंचं. सोबत ब्रेक तेलाची अर्ध्या लिटरची बाटली २१०, पाण्याचा एमरी पेपर २०. मोटरसायकलचं पेट्रोल १५० धरा.

घरी तेलाची एक जुनी बाटली होती, दोन वर्षांपूर्वी उघडलेली. ती वापरली नाही. ब्रेक तेल हवेतली ओल शोषून घेतं. माझ्या गाडीला डॉट ४ प्रतीचं तेल लागतं. नियमाप्रमाणे ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरलेलं १५५ अंशांलाच उकळू शकतं. घाटात तेल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. दोनशे रुपयांसाठी तो धोका घेऊ नका.

उजवा पिस्टन काढायला कॉम्प्रेसर वापरला नाही. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोट मध्ये असेल तर जातं. होज जोडलेली ठेवूनच कॅलिपरच्या तोंडात लाकडाची फळी धरली, मुलीला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. विसाव्या-पंचविसाव्या दाबाला पिस्टन कुरकुरत बाहेर आला. खाली घमेलं ठेवा. ब्रेक तेल रंगावर पडलं तर रंग जातो. माझ्या गाडीच्या मडगार्डवर रुपयाएवढा डाग पडलाच.

पिस्टनवर, बूट बसतो त्याच्या थोडं आत, तांबूस गंजाचा पट्टा होता. एमरी पेपर पाण्यात भिजवून घासला. वीस मिनिटांत आरशासारखा दिसायला लागला. मला फार समाधान वाटलं. सील ब्रेक तेलात बुडवून बसवली, पिस्टन आत ढकलला, जोडणी केली, हवा काढली. पेडल कडक. चाक हाताने फिरलं.

५ जानेवारी

सकाळी चाकाखाली टाकलेल्या खताच्या रिकाम्या पोत्यावर तळहाताएवढा ओला डाग. बोनेटखालच्या ब्रेक तेलाच्या डब्यातलं तेल बोटभर खाली.

पुन्हा उघडलं. पिस्टन उन्हात धरून नखाने चाचपला तर घासलेल्या पट्ट्यात बारीक खड्डे लागत होते, सुईने टोचल्यासारखे. डोळ्यांना दिसत नव्हते, नखाला कळत होते. डिस्क ब्रेकमध्ये सील कॅलिपरच्या खाचेत बसलेली असते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो. म्हणजे तेल अडवायचं काम पिस्टनचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभागच करतो. वरचा मुलामा गेला की नवी सीलही तेल धरत नाही.

चांदूर बाजारच्या मिस्त्रींना फोटो पाठवला. जुने जीपवाले मिस्त्री, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचा लगेच फोन आला : “भाऊ, घासला तिथंच काम संपलं. मुलामाच गेला नं त्याचा. आता कितीक सील टाका, तेल येतेच. नखाले खड्डा लागला का पिस्टन फेकाचा, घासाचा नाही.”

मी विचारलं, “काका, नुसता पिस्टन मिळतो का?” ते म्हणाले, मिळतो, पण कॅलिपरच्या आतल्या भिंतीलाही गंज असेल तर तोही खर्च वाया. बॅटरी लावून आत पाहिलं. होता.

या प्रयोगाचा खर्च : अर्धं सील किट, एक बाटली तेल, दोन दिवस.

७ जानेवारी

अमरावतीच्या दुकानाला फोन लावला. मी तेव्हा गाडीच्या समोर उभा होतो, बोनेटकडे तोंड करून. दुकानदाराने विचारलं, “कोणता, डावा का उजवा?” बिघडलेलं चाक माझ्या डाव्या हाताला होतं. मी म्हणालो, “डावा.”

सगळ्यात महाग पडलेला शब्द हाच. धंद्यात डावं-उजवं हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरतात. फोनवर डावा-उजवा म्हणूच नका. “ड्रायव्हर साईड” (उजवी) किंवा “क्लीनर साईड” (डावी) म्हणा, आणि पार्ट नंबर वाचून दाखवा.

९ जानेवारी, गुरुवार

एसटीने अमरावती. भाडं आणि चहानाश्ता धरून २५० रुपये, पूर्ण दिवस.

काउंटरवर तीन भाव सांगितले. कंपनीचा नवा कॅलिपर ३,३५०, त्यात तेव्हाचा २८ टक्के जीएसटी आला. बिननावाच्या डब्यातला नवा १,७००. जुना धुऊन-रंगवून सील बदललेला १,२००, वर आपला जुना जमा करायचा. बिननावाचा हातात घेऊन पाहिला : पिनेच्या छिद्राचे काठ खरबरीत, बुटाचं रबर पातळ, आणि बिल द्यायला दुकानदार तयार नाही. रंगवलेल्याच्या आतला पिस्टन कसा आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि घासलेल्या पिस्टनचं काय होतं ते मी चार दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. कंपनीचा घेतला. क्लच किंवा सायलेन्सर असता तर स्वस्तातला चालवून पाहिला असता. या गाडीत माझी मा बसते, पोरं बसतात. ब्रेकमध्ये मी तो हिशेब करत नाही.

सोबत पॅडचा संच १,२५०, सिलिकॉन ग्रीस १८०, तांब्याचे वॉशर आठ, ४० रुपये. होज कॅलिपरला ज्या बोल्टने जोडते त्याच्या दोन्ही बाजूंना हे वॉशर असतात. एकदा आवळलेला वॉशर दबून आपली जागा धरतो, पुन्हा वापरला की पाझरतो. पाच रुपयांचा वॉशर दर वेळी नवाच घाला.

१० जानेवारी

माची अमरावतीच्या डॉक्टरांकडे महिन्याची तारीख. गाडी ठोकळ्यांवर. भाड्याची गाडी सांगितली, १,८०० रुपये. काल एसटीने गेलो, आज पुन्हा त्याच गावाला. आधी सुचलं असतं तर पार्ट आजच आणला असता.

११ जानेवारी, शनिवार

कॅलिपर बसवला. दोन्ही पिना बरोबर बसल्या, होज बसली. मनात शंका यायला जागाच नव्हती.

हवा काढायला संध्याकाळी बसलो. निपलला नळी लावून टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं, एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, तेल आलं की बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. नळी म्हणून संत्र्याच्या ठिबकची बारीक नळी घेतली. ती काळी. आतले बुडबुडे दिसत नाहीत, हे तासाभराने लक्षात आलं.

मुलगी सीटवर. “दाब... धर... सोड.” असं साठ-सत्तर वेळा. दर वेळी ती म्हणे, “बाबा, पाय खालीच चालला.” तीन तास, तेलाची दुसरी बाटली पूर्ण संपली. पेडल भिजलेल्या गादीसारखं मऊ ते मऊच. वॉशर तपासले, होजचा बोल्ट तपासला, मागच्या चाकांची हवा काढली. काही फरक नाही. दहा वाजता मुलीला झोपायला पाठवलं, तिच्या पायाला गोळे आले होते.

त्या रात्री मास्टर सिलिंडर गेला अशी माझी खात्रीच झाली होती. आणखी एक ३,००० चा पार्ट घ्यायच्या मी अगदी काठावर होतो.

१२ जानेवारी, रविवार

मिस्त्री स्वतः मोटरसायकलवर आले. खाली बसले, चाकाकडे पाहिलं, अर्धा मिनिट काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, हवा वर जाते का खाली?”

“वर.”

“मंग निपल खाली काहून हाये?”

बाजू उलटली की निपल खाली जातं आणि होजचं तोंड वर. कॅलिपर क्लीनर साईडचा होता, मी ड्रायव्हर साईडला बसवला होता. बोल्ट बसतात, पिना बसतात, होज बसते, ब्रेक लागल्यासारखाही वाटतो. फक्त वरच्या पोकळीत हवेचा बुडबुडा कायम राहतो आणि तो खालच्या निपलमधून कधीच निघत नाही. नवा कॅलिपर बसवण्याआधी जुना शेजारी ठेवून पाहा : निपल सगळ्यात वर आलं पाहिजे. एवढं पाहिलं असतं तर माझे ३,३५० रुपये, तीन तास आणि एक बाटली वाचली असती.

काकांनी मास्टर सिलिंडरबद्दलही एक गोष्ट सांगितली. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन जिथपर्यंत जातो त्याच्या पुढच्या भागात गंज साचलेला असतो, तिथे सील गेली की फाटते. पेडलखाली दोन इंची लाकडाचा तुकडा ठेवायचा. मी काल साठ वेळा तळापर्यंत दाबायला लावलं होतं. नशिबाने मास्टर शाबूत राहिला.

१४ ते १५ जानेवारी

संक्रांत. शिवाय संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण (बागेचं पाणी बंद ठेवणं) तोडायची वेळ, बागेला पाणी द्यायचं आणि विजेची लाइन रात्रीची. दोन दिवस गाडीकडे पाहिलं नाही. घरी करायचं काम धरताना हे दिवस मोजा. वर्कशॉपचं बिल हातात येतं, घरच्या कामात आपल्या शेतीचा वेळ जातो तो कोणी लिहून देत नाही.

१६ जानेवारी

पुन्हा अमरावती, पुन्हा २५० रुपये. दुकानदाराने कॅलिपर हातात घेऊन मान हलवली : “दादा, तेल लागलेला माल परत होत नाही.” मी वाद घातला नाही. पार्ट त्याने मी सांगितला तोच दिला होता, आणि ज्या कॅलिपरमध्ये तेल गेलं आहे तो पुढच्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून विकला गेलेला मलाही आवडलं नसतं.

ड्रायव्हर साईडचा घेतला, आणखी ३,३५०. तेलाची तिसरी बाटली २१०. या वेळी काउंटरवरच जुना आणि नवा शेजारी ठेवून निपल कुठे येतं ते पाहिलं.

एसटीत बसून विचार केला, क्लीनर साईडच्या या कॅलिपरचं काय करायचं. डाव्याचा माझा जुना कॅलिपर किटने नीट झाला असता. पण नव्याचे पैसे गेलेलेच आहेत, तो कपाटात ठेवून उपयोग नाही. तोच डाव्या बाजूला बसवायचा आणि जुना नीट करून राखीव ठेवायचा.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी मेडिकलमधून सलाइनची नळी आणली, २५ रुपये. स्वच्छ, पारदर्शक, निपलवर घट्ट बसते. बारीक बुडबुडाही दिसतो.

मिस्त्री अर्धा दिवस आले. पैसे घेत नव्हते, ५०० रुपये खिशात घातले. त्यांच्याकडे टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) आहे. पिनांचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आवळले. माझ्या हाताने मी नेहमी जास्त आवळतो, असं रेंचने दाखवून दिलं.

क्रम असा ठेवला : दोन्ही कॅलिपर बसवले, पिनांना सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ, पॅडच्या कानांखालच्या पत्र्याच्या क्लिपा तारेच्या ब्रशने साफ. मग हवा : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने लांबचं आधी. काही गाड्यांत कंपनीने वेगळा क्रम दिलेला असतो, आपलं मॅन्युअल पाहा. डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका, दर सात-आठ दाबांनी वरून तेल घाला.

मुलगी पुन्हा सीटवर, पेडलखाली लाकूड. पुढच्या उजव्याला नळीत आधी एक मोठा बुडबुडा आला, मग मोत्याच्या माळेसारखे बारीक, मग नुसतं तेल. आतून आवाज आला, “बाबा, आता दगडासारखं झालं.” चाळीस मिनिटं लागली.

गाडी हलवण्याआधी इंजिन सुरू करून पेडल पाच-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गाडी गोठ्याच्या भिंतीवर गेल्याच्या गोष्टी आमच्याकडे आहेत.

२० जानेवारी

नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० पासून १० पर्यंत हळू ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर जाऊ देऊन पंधरा वेळा. चाकं दोन्ही सारखी तापली. गाडी सरळ थांबते. पण जोरात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. बाटलीभर पाणी आठवलं.

२३ जानेवारी

डिस्क काढल्या. हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजाने धरल्या होत्या. डिस्कवर दोन आट्यांची छिद्रं असतात, त्यात बोल्ट घालून आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. हातोडा लागत नाही.

परतवाड्याच्या लेथवर चढवल्या. उजवी फिरताना मापाच्या सुईला स्पष्ट झोल दिसत होता, डावी जवळपास सरळ. काठावर कोरलेली किमान जाडी १५ मिमी, माझी १६.४ भरली, म्हणून फेसिंगला (लेथवर थोडी तासून सपाट करायला) वाव होता. किमानच्या खाली जात असेल तर कोणी कितीही सांगितलं तरी फेसिंग करू नका, नवी घ्या. दोन्हींचे ६०० रुपये, पेट्रोल १५०. परत जोडायला दोन तास. होज उघडावी लागली नाही, म्हणून हवा काढायची गरज पडली नाही. थरथर गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

एकटाच चिखलदऱ्याला गेलो. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, ब्रेक लागेल तेवढाच. मध्ये दोनदा थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढची दोन्ही सारखी कोमट. वास नाही. पेडलची उंची घाटाच्या वरपासून खालपर्यंत तीच. परतवाड्यात त्याच टपरीवर चहा घेतला.

४ फेब्रुवारी : हिशेब

दोन कॅलिपर ६,७००. पॅड १,२५०. तेलाच्या तीन बाटल्या ६३०. सील किट २८०, एमरी २०, वॉशर ४०, ग्रीस १८०, नळी २५. लेथ ६००. मिस्त्री ५००. प्रवास ८००. भाड्याची गाडी १,८००. एकूण १२,८२५ रुपये आणि पाच आठवडे, त्यातले हातकामाचे सात-आठ दिवस.

चाकावर पाणी टाकलं नसतं, पिस्टन घासत बसलो नसतो आणि फोनवर बाजू नीट सांगितली असती तर : एक कॅलिपर ३,३५०, डाव्यासाठी किट २८०, पॅड १,२५०, दोन बाटल्या ४२०, वॉशर २०, ग्रीस १८०, नळी २५, मिस्त्री ५००, प्रवास ४००. हे होतात ६,४२५, आणि काम दोन शनिवार-रविवारात. गाडीही भाड्याने घ्यावी लागली नसती.

वर्कशॉपचे १५,२०० मला तेव्हा लूट वाटले होते. आता तसं म्हणणार नाही. त्यात दोन नव्या डिस्क होत्या आणि चुकीच्या बाजूचा पार्ट आला असता तर तो त्यांच्या खात्यात गेला असता. ज्याच्या गावाजवळ असे मिस्त्री काका नाहीत, त्याने पहिल्या वेळी तरी एकट्याने हात घालू नये.

१६ मार्च, रविवार

चाकं काढून पाहिली. दोन्हीकडे आतलं आणि बाहेरचं पॅड सारखं. पिना एका बोटाने सरकतात, बूट कोरडे. डाव्याचा जुना कॅलिपर उरलेल्या किटने नीट केला : पिस्टनला नखाने चाचपलं, खड्डा नाही. नव्या सील, नव्या बुशी, होजच्या तोंडाला बूच. बाजू पुन्हा चुकू नये म्हणून खडूने मोठ्या अक्षरात “क्लीनर साईड” लिहिलं आणि पॉलिथिनमध्ये बांधून ठेवला. पुढची तपासणी मृगाच्या आधी, आणि पावसाळा संपला की चाकांच्या आतून मोटरपंपाच्या पाण्याने धुवायचं.